रानआल्याचा शेवटचा गड्डा

"गड्ड्याचा एकही डोळा मातीत ठेवला नाहीस?" सोमगिरीबुवांनी विचारलं.

"नाही, बुवा," निनाद म्हणाला. "सगळे बाटल्यांत घातले."

घाटाखालच्या त्या मठात बुवांनीच त्याला लहानपणी झाडपाला ओळखायला शिकवलं होतं. पुढे तो शहरात गेला, टिश्यू कल्चरची, म्हणजे बाटलीत रोपं वाढवायची प्रयोगशाळा काढली, नावाजला. दम्यावर बुवा जे रानआलं देत, ते डोंगरावरून नाहीसं होत चाललं, तेव्हा शेवटचा गड्डा यानेच खणून नेला. एकेका डोळ्याची हजार रोपं करतो म्हणाला.

बेण्यातलं थोडं हातचं राखावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण याचा स्वतःच्या हातावर भारी विश्वास. बाटल्या भरल्या आणि स्वारी सत्काराला गेली. परत येऊन पाहतो तो प्रत्येक बाटलीत पांढरी बुरशी.

बुवांना धाप लागली. ती बसेपर्यंत निनाद जमिनीकडे पाहत राहिला.

"तुमच्याकडे एक तुकडा आहे ना?" तो शेवटी म्हणाला.

"आहे. तू खणलंस तेव्हा तुटून पडलेला. वाळूत पुरून ठेवलाय. धाप अगदीच आवरेना, की चावतो थोडा."

"तो द्या, बुवा. या वेळी चूक होणार नाही. सगळा डोंगर भरून टाकतो."

"आणि मी?"

निनादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागणं काही त्याने मागे घेतलं नाही.

बुवांनी वाळू उकरून बोटभर तुकडा काढला. त्यावर दोनच डोळे होते. तुकडा त्यांनी मधोमध मोडला आणि अर्धा निनादच्या हातावर ठेवला.

"हा तुझ्या प्रयोगशाळेतल्या माणसांकडे पाठव. घालू देत बाटलीत."

उरलेला ते तोंडात टाकतील, असं निनादला वाटलं. त्यांनी तोही त्याच्याच हातावर ठेवला.

"हा कुंडीत लाव. कुंडी माझ्या उशाशी ठेव. पाणी रोज तूच घालायचं."

"म्हणजे मी इथे राहू? ...किती दिवस?"

बुवांची छाती वाजत होती.

"आणि हा कुजला तर, बुवा?"

"कुजला तर कुजला... कुजताना शेजारी कुणी होतं, एवढं तरी होईल."