मांजरी आणि वाटीभर तेल

एका टेकडीच्या पायथ्याशी तेलाचा लाकडी घाणा होता आणि त्या घाण्यावर एक मांजरी राहत असे. शेंगदाण्याच्या पोत्यांकडे उंदराला फिरकू द्यायचे नाही, हे तिचे काम. आणि बाळांनो, ते ती चोख करी. नुकतीच तिला तीन पिल्ले झाली होती. कोपऱ्यातल्या टोपलीत ती सुखाने लुचत पडत. तरी मांजरीच्या जिवाला एकच घोर लागला होता, आपले दूध तिघांना पुरेल ना?

घाणा ओढायला एक बैल होता. एकदा तेल्याने त्याला बांबूच्या नळीने तेल पाजले. आठवडाभरात बैलाचे अंग असे तुकतुकीत झाले, की माशी बसली तर घसरावी. मांजरीने ते पाहिले आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. "बैलदादा, मीही तेल पिणार," ती म्हणाली. "माझी पिल्लं बघ कशी गुटगुटीत होतात."

"मावशी, सांडलेला थेंब तू चाटतेस, त्यानं काही बिघडत नाही," बैल म्हणाला. "पण माझं पोट हे एवढं, आणि दिवसभर फिरून मी ते जिरवतो. तुझं पोट मुठीएवढं. तुला आपला उंदीरच बरा."

"तुला काय जातं सांगायला? तुला कुठे पिल्लं आहेत?" मांजरी फणकारली. आईची माया ती, तिला शहाणपण कोण शिकवणार? बैलाची पाठ वळताच तिने घाण्याशी ठेवलेली तेलाची वाटी चाटूनपुसून साफ केली.

व्हायचे तेच झाले. आधी ओकाऱ्या, मग पोटात मुरडा, मग जुलाब. दुसऱ्या दिवशी तिला मान उचलवेना आणि दूधही आटले. नेमका तेव्हाच एक दांडगा बोका आत शिरला आणि टोपलीकडे निघाला. मांजरी उठू गेली आणि कोसळली. "दादा, बोका आलाय, माझी पिल्लं वाचव," ती कशीबशी म्हणाली. बैलाच्या डोळ्यांवर झापड, मानेवर जू, धावणार कसा? तो जागच्या जागी थांबला. घाण्याची करकर बंद पडताच, "का रे थांबलास?" म्हणत तेली अंगणातून आत आला. बोक्याला पाहून त्याने काठी उगारली, तसा बोका शेपूट घालून पळाला.

तेलिणीने कापसाच्या बोळ्याने पिल्लांना शेळीचे दूध पाजले आणि मांजरीपुढे नुसते पाणी ठेवले. चौथ्या दिवशी मांजरी उठली, तिने एक लठ्ठ उंदीर मारला आणि पोटभर खाल्ला. "दादा, तुझं ऐकायला हवं होतं," ती ओशाळून म्हणाली. मग तिला पुन्हा पान्हा फुटला, तशी ती टोपलीत जाऊन आडवी झाली. तिन्ही पिल्ले तिला बिलगली आणि पोटे टम्म होईपर्यंत दूध प्याली.

तात्पर्य : एकाच्या अंगी लागते ते दुसऱ्याच्या पोटाला सोसेलच असे नाही, मायेपोटी का होईना, ज्याचा आहार त्यानेच खावा.