काळ्या रंगाखालचा तडा

"फसवणाऱ्याला शासन कधी होतं, बुवा? का होतच नाही?"

प्रभाकर तावडे मठाच्या पडवीत धड टेकलाही नव्हता, तेवढ्यात त्याने हा प्रश्न निरंजनबुवांच्या अंगावर टाकला. बुवा सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले.

"कोणी फसवलं?"

"त्या गॅरेजवाल्यानं! आणखी कोणी?"

झालं होतं ते असं. घाटात एका टेम्पोने प्रभाकरच्या जीपला समोरून ठोकलं होतं. गॅरेजवाल्याने महिनाभर ठेवून घेतली आणि नव्या नवरीसारखी नटवून परत दिली. प्रभाकर खूश. परवा चाक बदलायला म्हणून खाली वाकला, तर काळ्या रंगाचा पोपडा हातात आला.

"आख्खी गाडी ज्या चॅसीवर उभी, तीच तडकलीय, बुवा! मेल्यानं बदललीच नाही. वरवर वेल्डिंगचे ठिपके मारले आणि रंग फासला. एखाद्या वळणावर पुढचं चाक कुठं जाईल, याचा नेम नाही."

"विचारलंस त्याला?"

"विचारलं तर! म्हणतो कसा, वरून काही दिसतंय का, साहेब?"

दर गुरुवारी याच पडवीत बसून सत्य या विषयावर तासभर बोलणारा माणूस प्रभाकर. स्वतःच्या सचोटीची टिमकी वाजवायला त्याला कोणी लागत नसे. अशा माणसाला कोणी बनवावं, हे त्याला काही केल्या पचत नव्हतं.

"मग आता?" बुवांनी विचारलं.

"आता काय... काढून टाकतोय गाडी. नारळ आणलाय. तुमच्या हातून वाढवा."

त्या भागात तशी रीतच होती. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, की नारळ बुवांनी वाढवायचा. मग घेणारा निर्धास्त. बॉनेट उघडून बघणं म्हणजे बुवांवर संशय घेणं, असंच लोक मानत.

"घेतोय कोण?"

"हरी घाडी. शाळेची पोरं ने-आण करणार म्हणतो."

"त्याला तडा दाखवलास?"

"त्यानं कुठं विचारलं..."

बुवांचा अडकित्ता थांबला.

"तडा काय मी पाडला, बुवा? मी का भोगू?" प्रभाकर घाईघाईने म्हणाला. "आणि पुन्हा नीट रंग मारून घेतलाय. वरून काही दिसत नाही."

बुवा उठले. त्यांनी नारळ उचलला आणि ते वहाणा घालून बाहेर पडले. प्रभाकरला हायसं वाटलं. चला, निभावलं एकदाचं!

पण बुवा बाहेर उभ्या जीपपुढे थांबले नाहीत. दार उघडून ते पुढच्या सीटवर बसले, नारळ मांडीवर घेऊन.

"चल. खालच्या देवळापाशी वाढवू."

"घाट उतरून?"

"दुसरी वाट आहे का?"

प्रभाकर स्टिअरिंगमागे बसला. किल्ली लावली. समोर घाट खाली गेलेला, वळणामागून वळण, आणि डाव्या हाताला दरी. बापामागे याच माणसाने त्याला सांभाळलं होतं. बुवांना काही झालं, तर तो स्वतः जगला नसता.

किल्ली फिरेना.

"बुवा... उतरा."

"का रे?"

"या गाडीतून नको. मी दुसरी बोलावतो."

"अरे, नारळ आहे की."

"नारळानं काय होतंय, बुवा!" प्रभाकर ओरडलाच. "उतरा हो. पाया पडतो तुमच्या."

आणि त्या अडचणीच्या जागेत वाकून त्याने खरोखरच बुवांच्या पायांना हात लावला.

 

खालच्या वळणावरून हरी घाडी चालत वर येत होता. अंगात धुतलेला सदरा, हातात झेंडूचा हार. बुवांना गाडीत बसलेलं पाहून त्याचा चेहरा फुलला. त्याने लांबूनच हात जोडले.

बुवा खाली उतरले आणि त्यांनी हलक्या हाताने दार लावून घेतलं.

"प्रभाकरा, तो आला की त्याच्याही पाया पड."