नारबाचा खासगी पत्ता

विषय : मौजे उंबरखुंटी येथील नारबा ढेकळे यांस सार्वजनिक पत्ता मिळणेबाबत.

उंबरखुंटीत हा नारबा राहत असे. चाळिशीला टेकलेला, भोळा आणि बिनलग्नाचा. थोरली बहीण गिरजाक्का म्हणाली, "घरात इंटरनेट घे. हल्ली पाहुणे आधी व्हिडिओवर मुलगा बघतात."

कंपनीचा लाइनमन भिंतीवर इंटरनेटची डबी ठोकून गेला. जाताना म्हणाला, "दादा, तुम्हाला खासगी पत्ता मिळालाय. तो आमच्या जाळ्यातच चालतो. बाहेर कुणाला सांगून उपयोग नाही."

नारबाने ते घट्ट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या मामांचा फोन आला. "व्हिडिओवर मुलगा पसंत आहे. रविवारी येतो. पत्ता सांगा."

"खासगी आहे," नारबा म्हणाला आणि फोन ठेवला.

गिरजाक्काने कपाळाला हात लावला. "अरे, तो डबीचा पत्ता. विचारील त्याला आपला पत्ता सांगावा."

नारबाने तेही घट्ट धरलं. एसटी स्टँडवर एका आजीने विचारलं, "बाबा, दातांच्या डॉक्टरांचा पत्ता काय?"

"उंबरखुंटी, मारुतीच्या मागे, घर नंबर बारा."

आजीने तो आणखी चौघांना सांगितला. संध्याकाळी नारबाच्या ओसरीवर पाच जण गाल धरून बसले होते.

"जरा कुणाला विचारून सांगत जा रे," गिरजाक्का म्हणाली.

नारबाने लाइनमनला गाठलं. "बाहेरच्यांना माझा पत्ता कोणता दिसतो?"

"बाहेर अख्ख्या गावाचा एकच पत्ता दिसतो, कंपनीचा. तिथून ज्याचं त्याला बरोबर पोहोचतं."

मामांचा पुन्हा फोन आला. या वेळी नारबा चुकला नाही. "तालुक्याला, स्टँडसमोर, कंपनीचं ऑफिस, दुसरा मजला. तिथून मला पोहोचतं."

रविवारी तो फेटा बांधून दारात बसला. पोहे गार झाले. पोहोचलं काहीच नाही.

ऑफिसात कारकून खोत एकटाच होता. इस्त्रीचा शर्ट, बिनलग्नाचा. त्याने पाहुण्यांना चहा पाजला. मामा मुलीला हळूच म्हणाले, "व्हिडिओत जरा वयस्कर दिसत होता." मुलीने मान खाली घालून होकार दिला.

महिन्याभराने खोताच्या लग्नाची पत्रिका मात्र नारबाला बरोबर पोहोचली.

"लाइनमन खोटं बोलला नाही, अक्का," नारबा म्हणाला.

लाइनमनला दया आली. "दादा, बाहेरून थेट तुमच्याकडेच यायला हवं, तर सार्वजनिक पत्ता मागा. अर्ज करावा लागतो."

नारबाने सुवाच्य अक्षरात अर्ज केला. तो खोतांच्याच टेबलावर आहे. अर्जदाराचा पत्ता या रकान्यात 'खासगी' असे नमूद असल्याने कळवायचे कुठे हे ठरलेले नाही. सबब अर्ज प्रलंबित आहे.