राघूला दिलेली नावे

एका राज्यात, स्पेनच्या बंदरापासून समुद्रावरच्या तीन महिन्यांच्या वाटेवर, एक नदी होती. तिच्या तळाशी सोने गोट्यांसारखे पडलेले असे, पण काठचे लोक त्याला हात लावत नसत. सोने उचलले तर पाणी आटेल, असा त्याला शाप होता. वायरा नावाची म्हातारी मांत्रिकीण त्याची राखण करी.

तिथे एके दिवशी स्पेनचा सरदार फाद्रीके चाळीस स्वार घेऊन आला. त्यांच्यात तोमे नावाचा नालबंद होता. "दोन वर्षांत सोने घेऊन येतो," असे बायकोला, इनेसला, सांगून तो गलबतावर चढला होता. लेक तेव्हा पाळण्यात होती.

सरदाराने काठची तीन गावे जाळली. चौथ्या गावाच्या वेशीवर वायरा आडवी उभी राहिली. तिच्या खांद्यावर तांबडा राघू होता.

"हे गाव जाळू नकोस, सरदारा. सोने ने. पण तीन गोष्टी द्याव्या लागतील."

"बोल, म्हातारे."

"पहिली, तुमचे लोखंड."

तलवारी पुरल्या गेल्या. घोड्यांचे नाल उपटले गेले, आणि तोमेने लुटीतली चांदी वितळवून नवे नाल ठोकले.

"दुसरी, घोड्यांचे खिंकाळणे."

घोडे तिथल्या तिथे मुके झाले. तोमेला वाईट वाटले.

"तिसरी, घरी वाट पाहणाऱ्या माणसाचे नाव. ज्याने त्याने राघूच्या कानात सांगावे."

सरदार हसला. "नाव दिल्याने का माणूस जातो?"

तोमेची पाळी आली. त्याला कोणी धरले नव्हते. मागे सरता आले असते. पण पाण्याखाली सोने लखलखत होते. तो वाकला, "इनेस" म्हणाला, आणि हलता दात पडावा तसे ते नाव त्याच्या तोंडातून गेले.

सोने निघाले, नदी आटली. मासे चिखलात तडफडून मेले. काठची माणसे रिकामी मडकी घेऊन डोंगराकडे निघाली. कितीतरी लेकरे वाटेतच गेली.

स्वार समुद्राकडे वळले. पण कोणाकडे जायचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला घरची वाट सापडत नाही. दिवसभर चालावे आणि सांजेला त्याच कोरड्या पात्राशी यावे, अशी सात वर्षे गेली. त्यांनी मुके घोडे मारून खाल्ले. तापाने माणसे गेली, भुकेने गेली. शेवटी सरदार आणि तोमे दोघेच उरले.

राघू फांदीवरून म्हणाला, "सोने ठेव, नाव घे."

"मी सोडणार नाही," सरदार म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो पिशवीवर डोके ठेवून मेला.

तोमेने त्याचे, मेलेल्या साऱ्यांचे आणि शेवटी आपले सोने पात्रात ओतले. वाळूतून पाणी वर आले. राघूने एकेक करत सारी नावे उच्चारली. "इनेस" ऐकताच तोमेला घर आठवले.

काठचे लोक डोंगरावरून परतले. गेले होते त्याहून फार थोडे. वायराने त्याला वाट दाखवली.

"शाप सुटला. आता इकडे येऊ नकोस."

तोमे गावी पोचला तेव्हा इनेस अंगणात लोकर पिंजत होती. केस पांढरे झाले होते. त्याने घडले ते सारे सांगितले. तिने हात थांबवले.

"म्हणजे ते तुम्ही होतात," ती म्हणाली. "एके सकाळी उठले, तर माझे नाव कोणालाच आठवेना. मलाही. लोक भुताला भ्यावे तसे मला भिऊ लागले. लेक तापाने फणफणली, तेव्हा तिला कडेवर घेऊन दारोदार हिंडले. 'कोण तू?' म्हणून सगळ्यांनी दारे लावली."

"लेक?"

"गेली. चौथे लागले होते तिला."

तोमे पुढे झाला. "इनेस..."

"तुम्ही घेऊ नका ते नाव," ती म्हणाली. "गाव घेते आता."

तिने लोकर उचलली आणि आत गेली. तोमे त्याच गावात आणखी एकवीस वर्षे खेचरांना नाल ठोकत जगला. ते नाव त्याने पुन्हा तोंडातून काढले नाही.