सायकलीआधी स्टूल

एकदा एका साड्यांच्या व्यापाऱ्याला सायकल घ्यावीशी वाटली. तीही अशी, की कितीही चालवली तरी जी घराचा उंबरठा ओलांडत नाही. त्यामागे हौस नव्हती, भय होते. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली तीस वर्षे गादीवर मांडी घालून गेलेली, त्यात रक्तातली साखर चढलेली. डॉक्टरांनी बजावले होते, "सहा महिन्यांत घाम गाळून साखर उतरवा, नाहीतर इन्सुलिनच्या सुया सुरू." जुन्या गुडघेदुखीमुळे रस्त्याने फार चालवत नव्हते. साखरेच्या याच आजारात व्यापाऱ्याच्या वडिलांचा पाय कापावा लागला होता. शेवटची चार वर्षे ते स्वतःच्याच दुकानाच्या पायरीशी थांबून कुणीतरी हात देण्याची वाट बघत. ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

पण माणूस पडला व्यापारी. पारखल्यावाचून घेईल कसा? त्याने शहरातली सहा दुकाने पालथी घातली. एका सायकलीचे चाक जड, दुसरीचे हलके. एकीचा ताण चुंबकाने कमीजास्त होतो, दुसरीचा पट्ट्याने. एकीला समोर स्क्रीन, त्यात कुणी परदेशी तरुणी आपल्याला धाप लागेपर्यंत दामटवणार. हे सगळे त्याने एका मोठ्या कागदावर मांडले. जेवायला बसला तरी कागद ताटाशेजारी असे. दीड महिन्यात कागद दोन्ही बाजूंनी भरला, पण घामाचा एक थेंबही गळला नाही.

अखेर तो आपल्या वस्तादांकडे गेला. तरुणपणी सहा वर्षे त्याने त्यांच्या तालमीत अंगाला माती लावली होती. वस्ताद आता ऐंशीला टेकले होते, पण सकाळी आखाड्याच्या काठावरची त्यांची बैठक चुकत नसे.

"वस्ताद, यातली कुठली घेऊ, तेवढं सांगा," व्यापाऱ्याने कागद पुढे केला.

वस्तादांनी कागदाची घडी घालून तो तसाच परत दिला. मग ते उठले, ज्या लाकडी स्टुलावर बसले होते तेच उचलले आणि शिष्याच्या हातात ठेवले.

"ह्ये घरी ने. जिथं सायकल ठेवणार हैस, तिथं ठेव. सकाळी सहाला अर्धा तास ह्याच्यावर बसायचं. एकवीस दिवस. जागा पटली न्हाई तर स्टूल हलव, पर खाडा करायचा न्हाई."

"नुसतं बसू?"

"नुसतं."

"अहो, पण साडेचारच महिने उरलेत!"

"आन् दीड महिना दुकानं फिरलास, तवा न्हाई वाटलं दिस चाललेत म्हणून?"

वस्तादांचे आता वय झाले, असे मनाशी म्हणत व्यापारी स्टूल घेऊन घरी आला. पण गुरूचा शब्द मोडण्याची त्याची छाती नव्हती.

सायकलीसाठी त्याने माडीवरची खोली रिकामी करून ठेवली होती. पहिल्या दिवशी तिथे बसला, आणि दहाव्या मिनिटालाच त्याला खाली जावेसे वाटू लागले. चार भिंती आणि आपण. बोलायचे तरी कुणाशी? चौथ्या दिवशी स्टूल गॅलरीत आले. तिथे रस्त्याने जाणारा प्रत्येक जण मान वर करून विचारी, "काय शेठ, वहिनींनी बाहेर काढलं काय?" त्या चौकशीला विटून नवव्या दिवशी त्याने स्टूल उचलले आणि स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले.

"इथं मध्येच काय?" पत्नी म्हणाली. दोन दिवसांनी म्हणाली, "नुसतेच बसता, तर मटार तरी सोला." मटार सोलता सोलता ती बोलू लागली, तो ऐकू लागला. तीस वर्षांच्या संसारात इतके सलग ते दोघे कधी बोलले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिथून पुढे सहाला त्याला कुणी उठवावे लागले नाही. अठराव्या दिवशी बसल्या बसल्या त्याचे पाय आपोआप हलू लागले.

बाविसाव्या दिवशी तो तालमीत गेला. वस्तादांनी विचारले, "कागद कुठाय?"

"हिनं मसाल्याच्या डब्यांखाली अंथरला. आता तीनच गोष्टी बघायच्यात, वस्ताद. कोपऱ्यात मावली पाहिजे, हिचं बोलणं ऐकू येईल इतकी बिनआवाजी पाहिजे, आणि सीट वरखाली झाली पाहिजे. हीसुद्धा चालवीन म्हणते."

वस्ताद समाधानाने हसले. "तुझ्या दुकानात पन्नास साड्या उलगडून बाई तशीच उठती, तवा तू तिला काय सांगतोस?"

"सांगतो, कुठल्या कार्याला नेसायची ते आधी ठरवून या."

"मग सोताला का न्हाई सांगितलंस? आरं, तालमीत आलास तवा पयले सहा महिने तुला डाव शिकवला व्हता का मी? हातात खोरं दिलं व्हतं. रोज माती उकरायची. माती उकरता उकरता पोरगं रोज यायला शिकतं. रोज येणाऱ्याला डाव शिकवता येतो. न येणाऱ्याला कुठला डाव शिकवू?"

व्यापाऱ्याने वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला, आणि त्याच दुपारी सायकल घरी आली.

सहा महिने पुरे झाले तेव्हा डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. साखर उतरली होती. सुयांची गरज नव्हती. व्यापारी तडक तालमीत गेला. ही बातमी सांगता सांगता तो वडिलांविषयी बोलू लागला.

वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग विचारले, "कुठल्या कंपनीची म्हणायची ती सायकल?"

ज्याला एकेकाळी सहाही दुकानांतल्या सायकली तोंडपाठ होत्या, त्या व्यापाऱ्याने उत्तरासाठी तोंड उघडले आणि तो थांबला. त्याने पुष्कळ आठवून पाहिले.

"रोज तिच्यावरच बसतो, वस्ताद," तो ओशाळून म्हणाला, "पण नाव काही आठवत नाही बघा. घरी जाऊन वाचावं लागेल."

"ऱ्हाऊ दे," वस्ताद म्हणाले. "बराबर घेतलीस."