गळ्याची रेघ

“जीव आधी की रूप आधी, बाई? एकच सांगा.”

विचारणारा डॉ. शार्दूल. सुवर्णपदक मिळवून आलेला. ज्यांना विचारलं त्या डॉ. हुद्दारबाई. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

बाई पेशंटकडे वळल्या.

समोर खाटेवर इंदुमती अवसरे आडव्या पडल्या होत्या. फलटणला ब्लाऊज शिवायच्या. डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ. तासाभराने ऑपरेशन.

चीर कुठे द्यायची, ती रेघ शार्दूलने पेनाने आखली होती. नाजूक, चंद्रकोरीसारखी.

“व्रण कुणाला दिसणारसुद्धा नाही,” तो म्हणाला.

“इंदूताई, जरा उठून बसा,” बाई म्हणाल्या.

इंदूताई बसल्या. स्तन खाली उतरला. रेघ वाकडी झाली, गाठीपासून दोन बोटं सरकली...

“अहो डॉक्टर,” इंदूताई हसल्या, “झोपवून माप कोण घेतं?”

शार्दूलचे कान तापले. “मग सगळा स्तनच काढू. धोकाच नको.”

इंदूताईंचं हसू गेलं. त्यांनी चादर ओढून घेतली.

“काढा. मला जगायचंय. पण... दिवसभर आरशापुढंच असते हो मी.”

बाईंनी स्पिरिटच्या बोळ्याने रेघ पुसली. गाठ चाचपली. भोवती बोटभर चांगली जागा धरून एक गोल काढला. हात हलला नाही.

“एवढं जाणार. इथं कुणाचंच ऐकायचं नाही. माझंही नाही.”

मग पेन त्यांनी इंदूताईंच्या हातात दिलं.

“ब्लाऊजचा गळा कुठवर येतो, आखा.”

इंदूताईंनी खाली न बघता रेघ ओढली. एका दमात, कापडावर खडू फिरवावा तशी.

शार्दूल बघत राहिला. अशी रेघ त्याने कुणा सर्जनच्या हातूनही पाहिली नव्हती.

“चीर या रेघेखाली लपवू,” बाई म्हणाल्या.

“आणि गाठ आत पसरलेली निघाली तर? गोल वाढवावा लागला, रेघेबाहेर गेला तर?” आता त्याचा आवाज खाली आला होता.

बाईंनी इंदूताईंकडे पाहिलं.

“तर मी गळा बदलीन,” इंदूताई म्हणाल्या.

...

ऑपरेशनला निघताना शार्दूल बाईंच्या पायांशी वाकला. बाईंनी पाय मागे घेतले.

“माझे नकोत. त्यांचे धर. आणि मग हात धुऊन ये.”