आवडाक्काचा बैलगुडघा

फार वर्षांपूर्वी, खाडीत शिडाची गलबतं येत होती तेव्हा, काळथर गावात आवडाक्का नावाची हाडं बसवणारी बाई राहायची. तिचा हात लागला की निखळलेलं हाड आपणहून आपलं घर शोधत जाई, असं म्हणतात. माडावरून पडलेला माणूस तिच्या ओटीवर उचलून आणावा आणि त्यानं चालत घरी जावं.

पण साठी उलटली आणि तिचीच बोटं आखडली. चिमटीत सुपारी धरवेना. हातच गेले तर आपण कोण, हा एकच विचार तिला खाई.

गलबत हाकणारा तांडेल इब्राहिम लहान असताना त्याचा खांदा तिनंच बसवला होता. तो चीनच्या बंदरावरून परतला आणि ओल्या शेवाळात गुंडाळलेलं एक मूळ त्यानं तिच्यापुढे ठेवलं.

"तिकडचे वैद्य याला बैलगुडघा म्हणतात, आक्का. सांध्यांवर देतात. आजच उकळून पी."

मुळाच्या टोकाला हिरवा कोंभ होता. तो पाहून आक्कानं मूळ परसात लावलं.

"अगं, वेडी का काय तू?" इब्राहिम म्हणाला.

"मी पिऊन टाकलं, तर मागून येणाऱ्याला काय देऊ? रिकामा गडू?"

रोप वाढलं. त्याची पेरं खरंच बैलाच्या गुडघ्यासारखी फुगीर. तीन वर्षं ती मनगटांत कळशी धरून पाणी घालत राहिली. लोक विचारत, "आक्का, झाडाचे गुडघे बरे झाले का?"

"तुझ्या जिभेचा सांधा सैल झालाय, तो आधी आवळते," ती म्हणे.

तिसऱ्या वर्षी भातकापणी झाली. आक्का स्वतःसाठी मूळ खणायला बसली, आणि त्याच सकाळी खलाशांनी इब्राहिमला उचलून आणलं. डोलकाठी पडून त्याचा गुडघा निखळला होता. मूळ निघालं एका भांड्यापुरतं. आक्कानं आपली बोटं पाहिली, मग त्याचा गुडघा पाहिला.

"चुलीवर पाणी ठेवा," ती म्हणाली. कोंभ तेवढा तिनं मातीत परत लावला.

ऊन काढ्यात हात बुडवून ती दुपारपर्यंत तो गुडघा चोळत राहिली. शेवटी कट्‌कन आवाज झाला आणि गुडघा बसला. आक्कानं खाली पाहिलं, तर तिची दहाही बोटं उघडली होती. उरलेला काढा शेजारच्या म्हाताऱ्या बैलानं प्यायला आणि तो पुन्हा नांगराला उभा राहिला, असंही म्हणतात. बैलाला कुणी विचारलेलं नाही.

आजही काळथरमध्ये कापणी झाली की बैलगुडघा खणतात आणि कोंभ मातीत परत लावतात. मात्र स्वतःसाठी कुणी खणत नाही. काढा घेऊन शेजाऱ्याकडे जायचं आणि त्याचे गुडघे चोळायचे. त्या दिवशी आपल्या घरी कुणी सापडत नाही. सगळं गाव एकमेकांच्या ओटीवर असतं.